वायफायचा उतारा

वीज गेली की माणूस आधी गॅलरीत जातो. समोरच्या इमारतीत अंधार आहे, कोपऱ्यावरच्या वाण्यानं मेणबत्ती लावली आहे, एवढं दिसलं की त्याचा जीव भांड्यात पडतो. ‘सगळ्यांचीच गेलीय’ असं म्हणून तो निवांत घाम पुसत बसतो. पाणी जातं तेही अख्ख्या सोसायटीचं जातं, आणि सेक्रेटरीच्या नावानं बोटं मोडण्याचा कार्यक्रम सामुदायिकरीत्या पार पडतो. वायफायचं तसं नाही. ते एकट्याचं जातं. त्यातही घरातल्या सगळ्या यंत्रांचं जात नाही, फक्त लॅपटॉपचं जातं. बाहेर टीव्हीवर मालिका सुरळीत चालू असते, आईच्या मोबाइलवर नाशिकच्या मावशीचा व्हिडिओ कॉल रंगात आलेला असतो, आणि आतल्या खोलीत ऑफिसच्या मीटिंगमध्ये आपला चेहरा तोंड अर्धवट उघडलेल्या अवस्थेत गोठलेला असतो. अशा वेळी बाहेरून जे वाक्य येतं त्याच्याइतकं जिव्हारी लागणारं वाक्य दुसरं नसेल : “माझ्या मोबाइलवर तर येतंय!”

म्हणजे इंटरनेट निर्दोष, कंपनी निर्दोष, राउटर निर्दोष. राहता राहिला लॅपटॉप आणि त्याच्यासमोर बसलेला मी.

दुखणं कायमचं असतं तर इलाज करता आला असता. हे येतं-जातं. संध्याकाळी सातनंतर जोर करतं. ठरावीक खोलीत जास्त, ठरावीक माणूस घरात आला की आणखी जास्त. आणि तपासायला कोणी आलं की असं नाहीसं होतं, की आपणच कांगावा करत होतो असं येणाऱ्याला वाटावं. कोकणातल्या एखाद्या जाणत्या म्हातारीला ही लक्षणं रोग्याचं नाव न घेता सांगितली, तर ती एवढंच विचारील, “तिन्हीसांजेला कुठल्या झाडाखालून गेला होतात?”

मी गाडीला कधी लिंबू-मिरची बांधली नाही. अमावास्येला प्रवासाला निघतो. मांजर आडवं गेलं तर त्याला आधी जाऊ देतो, पण ते केवळ सौजन्य म्हणून. अशा माणसाची वायफायनं जी पंचाईत केली ती सांगण्यासारखी आहे. घरातल्यांनी आणि शेजाऱ्यांनी सांगितलेली एकेक अंधश्रद्धा खोडून काढायला मी निघालो, आणि दर वेळी पदार्थविज्ञान जाऊन त्यांच्या बाजूला बसलं.

पहिला मंत्र कंपनीच्या मदतकेंद्राचा. “सर, राउटर बंद करून परत चालू केलात का?” केला. “किती वेळ बंद ठेवला होता सर?” या प्रश्नाला कोणाकडेच उत्तर नसतं. “पूर्ण तीस सेकंद ठेवायचा सर.” मग घरातला एक कर्ता पुरुष बटणावर बोट ठेवून मनातल्या मनात तीस आकडे मोजतो आणि घरातले बाकीचे श्वास रोखून त्याच्याकडे पाहतात. यात अर्थ नाही असं कोणालाही वाटेल. आहे. राउटर हा एक छोटा संगणकच असतो, फक्त त्याला पडदा नसतो आणि रविवार नसतो. कोणतं यंत्र कोणाशी काय बोलतंय याच्या नोंदी ठेवून ठेवून त्याची इवलीशी स्मृती गच्च होते. बंद केला की ती पुसली जाते. पण वीज तोडल्यावरही आतल्या कपॅसिटरांमध्ये थोडी धुगधुगी राहते. ती विझायला वेळ द्यावा लागतो, म्हणून ते मोजणं. शिवाय उठल्यावर बरेच राउटर आजूबाजूचा कानोसा घेऊन कमी गर्दीचा चॅनल निवडतात. म्हणजे मंत्र खरा, आणि जपसंख्येलाही आधार आहे.

मंत्रानं भागलं नाही की कंपनी माणूस पाठवते. तो तरुण येतो, बूट दाराबाहेर काढतो, राउटरच्या बरोबर खाली उभा राहतो, स्वतःच्या मोबाइलवर स्पीड मोजतो आणि म्हणतो, “सर, फुल येतंय.” आतल्या खोलीत या म्हटलं तर तो येतो, पण त्याच्या पायगुणानं तिथंही येऊ लागतं. मग तो म्हणतो, “ओटीपी आला असेल सर, तेवढा सांगा, तक्रार बंद करतो.” ओटीपी दिल्यावर तो जिना उतरून खाली पोचेपर्यंत मी पुन्हा गोठलेला असतो.

यानंतर आई मैदानात उतरली. “मी तुला कधीची सांगतेय,” ती म्हणाली, “मी भात गरम करायला ठेवला की तुझं ऑफिस बंद पडतं.” हे ऐकून इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असलेला भाचा हसला. हसायला नको होतं. मायक्रोवेव्ह ओव्हन ज्या लहरींवर चालतो त्यांची कंप्रता २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपास असते, आणि वायफायचा जुना पट्टा २.४ पासून २.४८ पर्यंतचा. म्हणजे भात आणि मीटिंग एकाच रस्त्यानं जातात. या ओव्हनचा शोधही असाच अवचित लागला. १९४५ मध्ये पर्सी स्पेन्सर नावाचा अमेरिकन अभियंता रडारच्या मॅग्नेट्रॉनजवळ उभा होता आणि त्याच्या खिशातलं चॉकलेट वितळलं, असं सांगतात. आता ताकदीचा हिशेब बघा. ओव्हनची आच आठशे-हजार वॉटची, आणि आपला राउटर बोलतो तो साधारण एक दशांश वॉटमध्ये. ओव्हनच्या दाराला जाळी असते आणि बाहेर येतं ते अगदी किंचित, आपल्याला निरुपद्रवी. पण हजारातलं किंचितही एक दशांशवाल्याचा आवाज दाबायला पुरतं. आमच्या घरी वाटीभर भातासाठी दीड मिनिट लागतं, आणि आमच्या साहेबांनी महत्त्वाचं बोलायला नेमकं तेच दीड मिनिट निवडलेलं असतं.

हे दोघं एका रस्त्यावर आले कसे? तर तो पट्टा म्हणजे आकाशातलं गायरान आहे. बाकीच्या लहरींचे सातबारे सरकारनं कोणाकोणाच्या नावे केलेले आहेत, मोबाइल कंपन्या त्यांचे लिलावात हजारो कोटी मोजतात. हा तुकडा मात्र परवान्याविना वापरायला मोकळा सोडला. अमेरिकेनं १९८५ मध्ये, आपण २००५ मध्ये. गायरान म्हटल्यावर जे व्हायचं तेच झालं. वायफाय आलं, ब्लूटूथचे माउस आणि हेडफोन आले, बाळाच्या पाळण्यावरचे कॅमेरे आले, आणि ज्याला जिथं जमेल तिथं त्यानं खुंटा ठोकला. त्यात चालायला म्हणून तेरा चॅनल आखलेले आहेत, पण ते एकमेकांच्या अंगावरून जातात. एकमेकांना धक्का न लावणारे तीनच : एक, सहा आणि अकरा.

भाच्यानं मोबाइलवर एक अॅप टाकून आमच्या मजल्यावरून आकाश तपासलं. इमारतीतल्या सगळ्या घरांची नावं झरझर वर आली. आडनावं, कुत्र्यांची नावं, एक ‘पासवर्ड विचारू नये’, आणि निम्म्या नावांपुढे ‘५जी’. हे ५जी म्हणजे मोबाइलचं ५जी नव्हे. राउटर ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावरही बोलतो, त्याची ती खूण. पण आपण ५जी लावून घेतलं आहे अशी कित्येक घरांची समजूत आहे आणि तिच्यात ती घरं सुखी आहेत. खरा धक्का पुढं होता. बहुतेक सगळी मंडळी सहाव्या चॅनलवर. आणि त्यांत सगळ्यात बलदंड आवाज आमच्या शेजारच्या काकांचा, कारण त्यांचा राउटर आमच्या अभ्यासाच्या खोलीच्या सामाईक भिंतीला पलीकडून टांगलेला. संध्याकाळी सातला कामावरून आलेली सोसायटी एकदम मालिका, क्रिकेट आणि ‘जेवताना दाखव’वाली बाळगाणी सुरू करते. वायफायचा शिष्टाचार असा, की दुसरं कोणी बोलत असेल तर आपण थांबायचं. आमचा लॅपटॉप फार शिष्टाचारी आहे. तिन्हीसांजेची बाधा ती हीच.

काकांबद्दल सांगायला हवं. बँकेतून निवृत्त, स्वभावानं अतिशय परोपकारी. त्यांचंही इंटरनेट संध्याकाळी अडखळायचं, तेव्हा त्यांनी कुठल्याशा प्रदर्शनातून तांब्याचा एक पिरॅमिड आणून राउटरवर ठेवला. “नकारात्मक लहरी शोषून घेतो,” ते म्हणाले. मी त्यांना चॅनल म्हणजे काय ते समजावून सांगू लागलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि माझ्याकडे पाहून म्हणाले, “म्हणजे लहरींचंच ना?”

आता भिंती. जगदीशचंद्र बोसांनी १८९५ च्या सुमारास कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये एक प्रयोग केला. त्यांनी सोडलेल्या लहरी बंगालच्या लेफ्टनंट गव्हर्नरांच्या देहातून आणि मधल्या भिंतींतून आरपार गेल्या, पलीकडच्या खोलीत घंटा वाजली आणि बंदुकीच्या दारूचा स्फोट झाला. सव्वाशे वर्षांनंतर आमच्या लहरींना पॅसेज ओलांडता येत नाही. त्याला कारण आहे. गव्हर्नरांच्या पलीकडे आरशाचं लोखंडी कपाट नव्हतं. आमच्याकडे आहे. ते बायकोच्या माहेरून आलेलं आहे, त्यात पैठण्या आहेत, आणि ते नेमकं राउटर आणि माझं टेबल यांच्या मधोमध उभं आहे. लोखंड लहरींना आत घेत नाही, परत पाठवतं. आरशाच्या काचेमागेही धातूचा मुलामा असतो, तोही तेच करतो. कपाट हलवण्याचा प्रस्ताव मी मांडला. “अरे, टेबल हलव ना,” बायको म्हणाली, आणि चर्चा संपली.

लहरींना दुसरं वावडं पाण्याचं. माशांची टाकी, पिंप, कुंड्या. आणि माणूस. माणसाच्या वजनात साठ टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं. माझा मेहुणा आला की वायफाय जातं, ही आमच्या घरातली जुनी कुजबुज. दृष्ट लागते, नजर वाईट आहे, इथपर्यंत मजल गेलेली. मेहुणा सज्जन आहे. पण तो भरघोस आहे, आणि आला की राउटरच्या समोरची खुर्ची धरतो ती जेवायलाच उठतो. इतक्या जवळ एवढं पाणी मधे आलं की लहरींनी तरी काय करायचं? आम्ही त्याला पलीकडच्या दिवाणावर बसवू लागलो. तो आता बहिणीला विचारतो, की भावजी माझ्यावर रागावलेत का.

घरातली अडचण एवढीच नसते. लहर सरळ एका वाटेनं येत नाही. भिंतीवर, फ्रिजवर, छतावर आपटून तीच गोष्ट चार वेळा, थोड्या थोड्या उशिरानं येते आणि सगळा गलका होतो. त्यातून मूळ बोलणं वेगळं काढण्याची युक्ती ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ या सरकारी संस्थेतल्या मंडळींनी शोधली, १९९६ मध्ये त्यांना अमेरिकेचं पेटंट मिळालं. त्यांचे म्होरके जॉन ओ’सलिव्हन मूळचे रेडिओ-खगोलशास्त्रज्ञ. फुटणाऱ्या चिमुकल्या कृष्णविवरांच्या लहरी पकडायच्या म्हणून त्यांनी आधी खटाटोप केला होता. कृष्णविवरं सापडली नाहीत. ते गणित वायफायच्या कामी आलं. आमच्या इथंही पुणे-नाशिक रस्त्याला, नारायणगावजवळच्या खोडदच्या परिसरात, ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेना आकाशाकडे तोंड करून उभ्या आहेत आणि अब्जावधी प्रकाशवर्षांवरून आलेली कुजबुज त्यांना ऐकू येते. मी मधूनमधून त्या दिशेला बघतो.

मग आली वास्तुशास्त्रवाली आत्या. तिनं दारातच राउटर पाहिला आणि कपाळाला हात लावला. राउटर कुठं असतो ते तुम्हाला माहीत आहे. फायबरची वायर खिडकीच्या भोकातून आत येते, लावणाऱ्याकडची वायर जिथं संपते तिथं तो खिळा ठोकतो, आणि लहरींचं उगमस्थान चपलांच्या कपाटावर, मीटरच्या पेटीशेजारी कायमचं वसतं. “हे घराच्या मध्यभागी हवं,” आत्या म्हणाली, “ब्रह्मस्थानी. उंचावर. आजूबाजूला लोखंड नको, आणि आग्नेयेला, शेगडीच्या बाजूला तर अजिबात नको.” मी राउटरसोबत आलेली माहितीपुस्तिका काढली. मध्यभागी ठेवा, उंचावर ठेवा, धातूच्या वस्तूंपासून आणि मायक्रोवेव्हपासून लांब ठेवा. दिशेचा उल्लेख तेवढा नव्हता. पुस्तिका मी खिशात घातली.

एव्हाना भाच्यानं लॅपटॉप ताब्यात घेतला होता. इथंही घरातल्यांचे ठोकताळे तयार होते. बायकोचा ठोकताळा : चार्जर काढला की जातं. बरोबर. बॅटरीवर आल्यावर लॅपटॉप काटकसर सुरू करतो, आणि पहिली कात्री वायफायच्या कार्डाला लावतो. त्याला मधूनमधून झोपवतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन वीज वाचवण्यासाठी हे यंत्र बंद करण्याची परवानगी देणारी खूण काढून टाकावी लागते. मुलीचा ठोकताळा : झाकण थोडं मागं केलं की येतं. हेही खरं, कारण पुष्कळ लॅपटॉपमध्ये वायफायच्या अँटेना पडद्याच्या कडेत बसवलेल्या असतात, आणि झाकण हललं की त्याही हलतात. पण मुकुट आईच्याच डोक्यावर. “तो फोटोंचा काळा डबा लावलास की बंद पडतं,” असं ती म्हणायची. काळा डबा म्हणजे यूएसबीची हार्डडिस्क. यूएसबी ३.० ची जोडणी चालू असताना जो विद्युत गोंगाट करते तो थेट २.४ च्या पट्ट्यात पडतो. इंटेलनं २०१२ मध्ये त्यावर सविस्तर टिपण काढलं होतं. भाच्यानं ते वाचलं, आजीकडे पाहिलं आणि काही बोलला नाही. पुढच्या सेमिस्टरला अँटेनाचा विषय आहे, तो आता तिला विचारून अभ्यास करणार असं दिसतं.

भाच्यानं आणखी बऱ्याच गोष्टी केल्या. ड्रायव्हर नवा टाकला. जुनं नेटवर्क विसरायला लावून पुन्हा ओळख करून दिली. राउटर दोन्ही पट्ट्यांना एकच नाव देत होता, त्यामुळे लॅपटॉप जवळचा पट्टा सोडून लांबचा, लांबचा सोडून जवळचा असा येरझारा घालायचा; दोघांची नावं वेगळी केली. ५ गिगाहर्ट्झवर गर्दी कमी आणि वेग जास्त, पण त्याला भिंती सोसत नाहीत, आणि आमच्याकडे ते कपाट. राउटरमागे पोळ्या गुंडाळायची फॉइलही लावून झाली. हसू नका, डार्टमथ कॉलेजच्या संशोधकांनी २०१७ मध्ये धातूचा पत्रा लावून लहरींना हव्या त्या दिशेला वळवून दाखवलं आहे. आमच्या लहरी वळल्या, त्या स्वयंपाकघराकडे.

या सगळ्यात निव्वळ अंधश्रद्धा म्हणावी अशी एकच गोष्ट मला आढळली, आणि ती कंपनीची होती. “सर, शंभरचा प्लॅन आहे ना, तीनशेचा घ्या.” रस्त्यापासून राउटरपर्यंत फायबर उत्तमच चालत असतं. अडतं ते राउटरपासून टेबलापर्यंतच्या चार पावलांत. त्या चार पावलांवर तीनशेचा प्लॅन शंभरच्या प्लॅनइतकाच अडतो, फक्त जास्त पैशांत. दुसरा नैवेद्य म्हणजे बूस्टर. स्वस्तातला बूस्टर एकाच रेडिओनं ऐकतो आणि त्याच रेडिओनं पुढं सांगतो, त्यामुळे निम्मा वेळ ऐकण्यात जातो आणि वेग निम्म्यावर येतो. शिवाय गायरानात आणखी एक खुंटा. इमारतीत जितके बूस्टर जास्त तितकी तक्रार जास्त, आणि तक्रार जास्त म्हणून पुन्हा बूस्टर.

शेवटी वायर टाकली. लॅनची. इथरनेट हे १९७३ चं तंत्र, झेरॉक्सच्या प्रयोगशाळेतलं. माझ्या लॅपटॉपला ते इतकं जुनाट वाटतं की त्याच्या सडपातळ अंगाला त्या वायरचं भोकच नाही, वेगळा जोड विकत घ्यावा लागला. वायरला कपाट अडवत नाही, मेहुणा अडवत नाही, भात अडवत नाही. अडवते ती फक्त कामाच्या मावशींची फरशी पुसायची काठी. त्यांनी पहिल्याच दिवशी ती वायर उचलून बायकोला विचारलं, “ताई, हे असंच राहणार का आता?” त्या प्रश्नातली नाराजी बायकोची होती, आवाज मावशींचा होता. वायर सध्या पायपुसण्याखालून जाते आणि पाहुणे आले की कपाटामागे जाते. जाता जाता भाच्यानं आमचा राउटर सहाव्या चॅनलवरून अकराव्यावर नेऊन ठेवला. मीटिंगमध्ये आता माझा चेहरा हलतो. साहेबांना तो गोठलेलाच बरा वाटत होता असा मला संशय आहे.

आठवड्याभरानं काका आले, हातात पेढे. त्यांचं इंटरनेट संध्याकाळीसुद्धा धो धो चालू लागलं होतं. चालणारच. भिंतीपलीकडून दिवसभर सहावर ओरडणारा एक अख्खा लॅपटॉप वायरवर गेला होता आणि राउटर अकरावर. हे मी त्यांना सांगायला तोंड उघडलं, तर ते म्हणाले, “पौर्णिमेला पिरॅमिड धुऊन घेतला आणि उत्तरेला केला. त्याच संध्याकाळपासून!” मी विचारलं, “काका, नक्की त्याच संध्याकाळपासून?” त्यांनी तारीख सांगितली. भाचा त्याच दिवशी आला होता.

सोसायटीच्या ग्रुपवर त्यांनी फोटोसकट अनुभव टाकला. पहिल्या मजल्यावरच्या डॉक्टरांनी दोन नग मागवले. सेक्रेटरीनं विचारलं, एकदम घेतले तर सवलत आहे का.

“तुमच्यासाठीही एक आणलाय,” काका म्हणाले आणि त्यांनी पिशवीतून तो काढला. “आता तुमचं व्यवस्थित चालतंय म्हणता, पण असू द्या. लहरींचा काय भरवसा?”

बायकोनं तो घेतला, पुसला, आणि कपाटावर ठेवला.